मी गाळलेलं वाक्य

एकतीस वर्षं मी धान उपटण्याची नोकरी केली. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा निंदणाचं काम करत असेल. पण मी उपटायचो ते तण नव्हतं. धानच होतं, हिरवंगार, निरोगी, चांगलं फुटवे धरलेलं. दोष एवढाच, की ते शेजारच्या धानासारखं नव्हतं.

ज्यांच्याकडे धान, म्हणजे भात, होत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दुकानातून बियाण्याची थैली घेतली की तिच्यावर एका जातीचं नाव असतं. आतला प्रत्येक दाणा त्याच जातीचा निघावा म्हणून ते बियाणं वेगळ्या, राखलेल्या शेतात पिकवतात. त्याला आम्ही प्लॉट म्हणतो. कितीही राखलं तरी त्यात परकी रोपं येतातच. एखादं वीतभर उंच, एखादं आठ दिवस आधी फुललेलं, एखाद्याची लोंबी तांबूस. कागदावर त्याला भेसळ म्हणतात. हंगामात तीन फेऱ्या मारायच्या: फुलोऱ्याआधी, फुलोऱ्यात आणि कापणीच्या तोंडावर. ओळीओळीनं चालायचं, भेसळ दिसली की मुळासकट उपटायची आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकायची. नुसती कापून चालत नाही, बुडातून पुन्हा फुटते. भेसळ जास्त सापडली तर प्लॉट नापास, आणि ते धान बियाणं म्हणून विकता येत नाही. मी तपासणारा. भंडारा जिल्ह्यातले लाखनी आणि मोहाडीकडचे प्लॉट माझ्याकडे असत.

हे काम डोळ्याचं आहे. सकाळचं तिरपं ऊन पाठीवर घेऊन चाललं की हजारो लोंब्यांतली एक चुकार लोंबी आपोआप दिसते. नवीन मुलं तासभर शोधायची, मी धुऱ्यावर उभा राहून बोट दाखवायचो. हा डोळा मला होता आणि त्याचा मला गर्व होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू.

शेतकऱ्यांना मात्र हे काम आवडत नसे. आंधळगावच्या एका म्हाताऱ्यानं तर कमालच केली. दुसऱ्या फेरीला गेलो तर त्याच्या बांधीत सगळं एकसारखं. बांधी म्हणजे धुरे घालून केलेला धानाचा तुकडा. मला शंका आली म्हणून आत उतरलो. उंच रोपं त्यानं वाकवून, तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, दोरीनं खाली बांधून ठेवली होती. उपटायला हात धजला नव्हता.

“फुलावर आलेलं धान कायले मारता जी साहेब?” तो म्हणाला. “त्यानं तुमचं काय केलं?”

मी प्लॉट नापास केला. नियम तो नियम. मी लोकांना नेहमी सांगायचो, की ज्ञान सगळीकडे एकच असतं. दोन आणि दोन लाखनीत चार, लंडनमध्येही चारच. धानाला आपण कोणत्या देशात उगवलो हे माहीत नसतं. प्रशिक्षणाच्या वर्गात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की ते माझंच आहे असं मला वाटू लागलं होतं.

माझा सगळ्यात देखणा प्लॉट गिरजाबाई कापगतेंचा. लाखनीच्या पुढे, तलावाच्या पोटाशी त्यांची शेती. साठी ओलांडलेली, बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. अठरा वर्षं त्यांचा प्लॉट माझ्याकडे होता, भेसळीसाठी एकदाही नापास झाला नाही. मी पोहोचायच्या आधी त्यांनी अर्धी भेसळ स्वतःच काढलेली असायची. इतरांना मी त्यांचं उदाहरण द्यायचो. “गिरजाबाई माझी शिष्या,” असं म्हणायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि आत जायच्या. ओसरीवर मला चहा द्यायच्या आणि पदरानं कप धरून म्हणायच्या, “घ्या जी.”

निवृत्तीला एकच हंगाम उरला होता, तेव्हा आमच्या कार्यालयप्रमुख मॅडमनी मला बोलावलं. आफ्रिकेतल्या सिएरा लिओनहून बियाण्याच्या अधिकारी असलेल्या एक बाई दोन महिन्यांसाठी येणार होत्या. आपल्याकडचं बीजोत्पादन शिकायला.

“सेलोकर, इंग्रजी तुम्हीच बोलता. तुम्ही फिरवा त्यांना,” मॅडम म्हणाल्या.

मला बरं वाटलं. जाता जाता परदेशी शिष्या मिळणार होती.

त्यांचं नाव हावा. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, रुंद खांद्यांच्या, चालायला माझ्या दुप्पट. नोकरी माझ्याएवढीच, शिक्षण माझ्यापेक्षा जास्त. त्यांचं बोलणं इंग्रजीत असायचं, इथं ते मराठीत सांगतो. पहिल्याच दिवशी मी त्यांना आमच्या बीजोत्पादन केंद्रावरच्या बांधीत नेऊन माझं ठरलेलं व्याख्यान दिलं. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मी पाच-सहा रोपं उपटून धुऱ्यावर फेकली. त्यांनी वाकून त्यातलं एक उचललं, लोंबी अंगठ्यानं उलटसुलट करून पाहिली.

“हे कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“भेसळ.”

“ते कळलं. पण कोण आहे?”

मला प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईच्या गावात अशी अनोळखी लोंबी दिसली तर तिला पाहुणी धरत. बायका ती वेगळी कापून घेत, स्वयंपाकघराच्या मागे थोड्या जागेत पेरत, दोन-तीन हंगाम तिचं वागणं पाहत. चव बघत, पेंढा बघत, पाऊस लांबला तर ती काय करते ते बघत. आवडली तर तिला नाव देऊन घरात घेत. त्यांच्या आजीकडचं एक धान म्हणे हत्तीच्या लिदीत उगवलेलं सापडलं होतं.

मला हसू आलं. मी म्हटलं, “बाई, या गोष्टी झाल्या. विज्ञान सगळीकडे एकच.” आणि दोन अधिक दोनचं माझं वाक्यही ऐकवलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “उत्तर एक असेल, सेलोकर. पण प्रश्न कोण विचारतं, त्याच्यावर असतं. तुमच्याकडे तलाव आहे, गिरणी आहे. गिरणीला एकसारखा दाणा हवा, म्हणून तुम्ही विचारता की यातलं वेगळं कोणतं. आमच्याकडे उतारावरची शेती, पाण्याचा भरवसा नाही. एक जात गेली तर घर उपाशी. म्हणून माझी आई विचारायची, की हे वेगळं आहे, तर याला काय येतं? मी तुमच्याकडून तुमचा प्रश्न शिकायला आले आहे. तो मला हवाच आहे. पण आईचा प्रश्न मी विमानतळावर ठेवून आलेले नाही.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, आफ्रिकेतल्या बायकांनी धानाचं काय सांगावं आम्हाला, भंडाऱ्याच्या लोकांना. हे मनातलं वाक्य लिहिताना आज लाज वाटते, पण ते होतं.

आठवड्यानं मी त्यांना गिरजाबाईंच्या शेतावर नेलं. माझा देखणा प्लॉट दाखवायला.

“हे बाई कोठची जी?” गिरजाबाईंनी विचारलं.

“आफ्रिकेची.”

“तिकडं धान होते?”

“होते म्हणतात.”

“नाव काय हिचं?”

“हावा.”

“हाव?” गिरजाबाई हसल्या. आमच्याकडे हाव म्हणजे होय. “मंग तं नाई म्हनतच नसंल.”

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा हावाबाई पोट धरून हसल्या. त्यांनी बूट काढले, कपडा गुडघ्यापर्यंत खोचला आणि सरळ बांधीच्या चिखलात उतरल्या. मी एकतीस वर्षं धुऱ्याधुऱ्यानं चाललो, चिखलात उतरलो ते गमबूट घालून. ही बाई पायाच्या बोटांनी चिखल चाचपत होती. एका ठिकाणी थांबून त्यांनी मूठभर माती काढली, वास घेतला आणि गिरजाबाईंपुढे धरली. गिरजाबाईंनीही वास घेतला. दोघींनी एकाच वेळी तोंड वाकडं केलं. पाणी जास्त दिवस साचून माती आंबली होती.

गिरजाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साहेब, इले येते.”

हिला येतं. दोनच शब्द. अठरा वर्षांत गिरजाबाईंनी हे माझ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं. माझ्या काळजात कुसळ शिरावं तसं काहीतरी झालं, आणि ते पुढे हंगामभर निघालं नाही.

त्या दिवशी चहा ओसरीवर आला नाही. गिरजाबाईंनी हावाबाईंना हाताला धरून आत नेलं, भाषांतराला म्हणून मीही मागोमाग गेलो. अठरा वर्षांत मी त्या घराचं स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. चुलीच्या वर, धूर लागेल अशा उंचीवर, एका बांबूला लोंब्यांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. अकरा. प्रत्येक जुडी वेगळ्या रंगाच्या चिंधीनं बांधलेली.

हावाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“हे काय?” मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

गिरजाबाईंनी चुलीकडे पाहत सांगितलं, “तुमी उपटून टाकलेले हायेत, साहेब. तुमी गेले का मी धुऱ्यावरून उचलून आनत होती. मांगं ओल रायते, तिथं रोवत होती. तुमी म्हनत ना, मुळासकट उपटा? मुळासकट होते म्हनूनच तं जगले.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. माझी शिष्या माझ्या पाठीमागे अठरा वर्षं माझं काम उलटं फिरवत होती, आणि ते मला दाखवलं नव्हतं. दाखवलं ते काल आलेल्या परक्या बाईला.

त्यानंतर हावाबाईंचा दर रविवार गिरजाबाईंकडे जाऊ लागला. सुरुवातीला मला मधे बसावं लागायचं. त्यांचं इंग्रजी मी मराठीत आणायचो, गिरजाबाईंची बोली इंग्रजीत. मग हळूहळू माझी गरज कमी झाली. हावाबाई लोंबी उचलून भुवया वर करायच्या. गिरजाबाई हातानं पाणी दाखवायच्या, किंवा पोटावर हात ठेवून पोटभर होते असं सांगायच्या. कोणत्या तांदळाची पेज टिकते, हे त्यांनी एकमेकींना चमच्यानं भरवून सांगितलं. गावातल्या आणखी चार-पाच बायका यायला लागल्या. हत्तीच्या लिदीची गोष्ट निघाली तेव्हा एक जण म्हणाली, “आमच्या इकडं हत्ती आले तं धान खाऊन गेले, देऊन काही नाई गेले,” आणि सगळ्या हसल्या. ते वाक्य मी भाषांतर करायच्या आधीच हावाबाई हसत होत्या.

मी ओसरीवर बसून मोबाइल बघायचो. घरी गेलो की बायको विचारायची, “तोंड कायले पाडून बसले?” मी सांगायचो की ऊन लागलं. ऊन नव्हतं, जीव जळत होता. मला वाटायचं, या बाईनं माझी बायकामाणसं, माझी गावं, माझा शेवटचा हंगाम सगळं उचलून नेलं. आणि ती शिकायला आली होती!

म्हणून मी बारीकसारीक गोष्टी गाळायला लागलो. हावाबाईंनी गिरजाबाईंचं कौतुक केलं तर मी ते अर्धं सांगायचो. गिरजाबाईंनी काही खास सांगितलं तर इंग्रजीत म्हणायचो, “नेहमीचंच.” मधल्या माणसाच्या हातात हे असतं. कोणाला दिसत नाही.

गिरजाबाईंच्या अकरा जुड्यांत एक निळ्या चिंधीची होती. दोन वर्षांपूर्वी तलाव भरून सांडव्याचं पाणी शेतांत शिरलं, आठवडाभर उतरलं नाही. सगळ्यांचं धान सडलं. गिरजाबाईंच्या घरामागच्या ओलसर जागेत हे धान पाण्याखाली गेलं, आणि पाणी उतरल्यावर पुन्हा उभं राहिलं. ही गोष्ट त्यांनी गावातही फारशी कोणाला सांगितली नव्हती. कोण ऐकणार, असं त्यांना वाटायचं. हावाबाईंनी ती तीनदा ऐकली. मग त्या दोघी जाऊन तलावाच्या काठावर पाणी कुठवर आलं होतं ते पाहून आल्या. मी जीपमध्ये बसून होतो.

कापणीला तीन आठवडे राहिले असताना लाखनीला शेतकरी मेळावा झाला. माझा नोकरीतला शेवटचा मेळावा. मला वाटलं होतं, मॅडम मला दोन शब्द बोलायला सांगतील. त्यांनी सांगितलं ते हावाबाईंना. मी माइकजवळ उभा, भाषांतराला.

मंडप भरलेला होता. पुढच्या रांगेत जिल्ह्याहून आलेले मोठे साहेब. बायकांच्या बाजूला गिरजाबाई, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, मांडीवर कापडात गुंडाळलेली निळ्या चिंधीची जुडी. शेजारी त्यांची सून रंजना, मोबाइल वर धरून चित्रण करत होती.

हावाबाई आधी आपल्या देशाबद्दल बोलल्या, आमच्या बियाण्याच्या शिस्तीबद्दल बोलल्या. ते मी नीट सांगितलं. मग त्यांनी गिरजाबाईंना उभं राहायला सांगितलं आणि म्हणाल्या, “या बाई शास्त्रज्ञ आहेत. मी पदवी घेऊन जे काम करते, ते या अठरा वर्षं स्वतःच्या घरामागे करत आहेत. पाण्याखाली तगणारं धान यांनी ओळखलं, जोपासलं, पारखलं. माझ्या आईच्या गावात अशा धानाला या बाईंचं नाव लागलं असतं.”

मंडपातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

मी म्हणालो, “या गिरजाबाई कापगते. यांनी जुनं बियाणं हौसेनं जपून ठेवलं आहे.”

थोड्या टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं. गिरजाबाई उभ्याच होत्या. जुडी कापडातून काढावी की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मग रंजनानं त्यांचा पदर ओढला आणि त्या खाली बसल्या. जुडी गुंडाळलेलीच राहिली.

परत येताना जीपमध्ये हावाबाई बाहेर बघत होत्या.

मग म्हणाल्या, “तुमचं मराठी फार आखूड होतं.”

“मराठी आखूडच भाषा आहे,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या. मी जिंकलो होतो. दोन दिवस मला तसं वाटलंही. तिसऱ्या दिवशी जेवताना मला गिरजाबाईंचं ते अर्धवट उभं राहणं आठवलं आणि मी ताटावरून उठलो.

कापणीआधीची तिसरी फेरी मारायला मी गिरजाबाईंकडे एकटाच गेलो. प्लॉट स्वच्छ होता. ओसरीवर चहा आला. त्यांनी कप दिला, समोर बसल्या आणि विचारलं, “साहेब, त्या दिवशी मंडपात हावाबाई काय म्हने जी?”

आवाजात राग नव्हता. मी चहा खाली ठेवला. अजून एकदा खोटं बोलायला मला काहीच लागलं नसतं. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. पण त्या ज्या तऱ्हेनं बघत होत्या, त्यात मला ते जमलं नाही. मी हावाबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. शास्त्रज्ञ हा शब्द, अठरा वर्षं, नाव लागलं असतं, सगळं.

गिरजाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मले मालूम होते. रंजनाले इंग्रजी समजते. तिनं मोबाइलवर तीन वेळा लावून सांगतलं. मले तुमच्या तोंडून आयकाचं होतं.”

“मग आधीच का नाही बोललात?”

“तुमी सांगता का नाई, ते पाहाचं होतं.”

त्यांनी माझा निवलेला चहा बाजूला सरकवला.

“काहून नाई सांगतलं जी?”

साठीला आलेल्या माणसानं हे कसं सांगावं? पण सांगितलं. “माझा जीव जळत होता, गिरजाबाई. तुम्ही मला अठरा वर्षांत आत नेलं नाही. तिला पहिल्याच दिवशी नेलं.”

त्यांनी आत चुलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ते बाई लोंबीकडं पाहे ना साहेब, तं तिच्या डोळ्यात भीती नव्हती. तुमच्या डोळ्यात मले नेहमी प्लॉट नापास होईन अशी भीती दिसे. तुमाले दाखवलं असतं तं तुमाले ते फेकनं आलं असतं. नियमच हाये तुमचा. फेकाले लावून तुमालेही वाईट वाटलं असतं. म्हनून नाई दाखवलं.”

म्हणजे तिनं मला सांभाळलं होतं. मी शिष्या म्हणत होतो ती बाई अठरा वर्षं मला एका संकटातून वाचवत होती. मी तिचा प्लॉट पास करून निघालो.

पुढच्या आठवड्यात हावाबाई निघाल्या. त्यांना भंडाऱ्याला सोडायला मीच गेलो. वैनगंगेच्या पुलाजवळ, कारध्याला, मी जीप थांबवली आणि चहाच्या टपरीवर त्यांना सगळं सांगितलं. त्या दिवशी मी काय गाळलं, आधीही काय काय गाळलं, आणि कशासाठी.

त्यांनी मला माफ केलं असं म्हणता येणार नाही. त्या म्हणाल्या, “ते मला नाही, तिला सांगायला हवं.”

“सांगितलं.”

“एकटीला सांगितलं. हिरावलं मात्र सगळ्यांसमोर.”

नदीकडे पाहत त्या पुढे म्हणाल्या, “तुम्हाला वाटतं, तुमचाच जीव जळत होता? गिरजाबाईंच्या चुलीवर त्या अकरा जुड्या पाहिल्या तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. आमच्याकडे लढाई झाली, गाव सोडून पळावं लागलं. आईचं बियाणं चुलीवरच राहिलं. परत गेलो तेव्हा घरही नव्हतं. मी आता मोठ्या शीतगृहात बियाणं ठेवते, हजारो नमुने. त्यात माझ्या आईचा एकही नाही. तिचा फक्त प्रश्न माझ्याकडे उरला. आणि इथे एका बाईकडे प्रश्नही आहे आणि बियाणंही. मला तिचा इतका हेवा वाटला, की पहिल्या दिवशी एक जुडी चोरावीशी वाटली.”

“मग?”

“मग मी मागितली. तिनं दिली. निळी नव्हे, पिवळ्या चिंधीची. निळी म्हणे तुमच्या तलावाची आहे, आमच्या उतारावर तिला करमायचं नाही.”

हे गिरजाबाईंनी त्यांना कधी सांगितलं, कोणत्या भाषेत, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. त्याचाही मला हेवा वाटला.

मी निवृत्त झालो. कार्यालयात शाल-नारळ झालं, चांगलं बोलले सगळे. एकही जण माझ्या डोळ्याबद्दल बोलला नाही, वक्तशीरपणाबद्दल बोलले. उन्हाळ्यात मी गिरजाबाईंच्या गावच्या सरपंचांना भेटलो आणि ग्रामसभेत पाच मिनिटं मागितली. पेरणीचे दिवस जवळ होते, सभेला बरीच माणसं होती. गिरजाबाई बायकांत मागे बसल्या होत्या. मी उभा राहिलो आणि हावाबाईंचं वाक्य, एकही शब्द न गाळता, सांगितलं. मग ते मी लाखनीच्या मंडपात कसं गाळलं आणि का गाळलं, तेही सांगितलं. मला वाटलं, आता कोणी शिव्या देईल, किंवा कोणी पाठीवर हात ठेवील. दोन्हीची तयारी मी घरून करून आलो होतो.

मागून एक शेतकरी उभा राहिला. “ते पान्याखाली टिकनारं धान खरंच हाये का जी?”

“आहे.”

“मंग कोनाजवळ हाये?”

सगळे गिरजाबाईंकडे वळले. माझ्या कबुलीवर एक शब्द कोणी बोललं नाही. ती कोणाच्या लक्षातच राहिली नाही. सभा संपायच्या आत माणसं गिरजाबाईंच्या घराकडे निघाली. गेल्या हंगामात त्यांनी निळ्या जुडीचं धान वाढवून एक लहान ढोली, म्हणजे बांबूची कणगी, भरून ठेवलं होतं. रंजना वहीत नावं लिहीत होती. गिरजाबाई ओसरीवर बसून एकेकाला मूठ-मूठ देत होत्या, फुकट. पण देण्याआधी प्रत्येकाला विचारत होत्या. बांधी कोणती, उंचावरची की खोलगट, माती कशी. दोघांना त्यांनी परतही पाठवलं. “तुह्या बांधीत पानी ठयरतच नाई. तुले हे नाई पाहिजे,” असं म्हणून.

आंधळगावजवळ आमची चार एकर वडिलोपार्जित शेती आहे. धाकटा भाऊ कसतो, मी नोकरीपायी तिकडे कधी नीट लक्ष दिलं नाही. ती गर्दी पाहून मनात आलं, आता वेळ आहे, एका बांधीत हे धान लावून बघावं. मीही रांगेत उभा राहिलो. माणसांनी पुढे या म्हटलं, पण मी जागेवरच राहिलो.

माझी पाळी आली. गिरजाबाईंनी मूठ भरली आणि वर पाहिलं. माझ्याकडे त्या बघत होत्या तशाच, जशा इतरांकडे.

“तुमची बांधी कोनती?”

“आंधळगावची. नाल्याकडची.”

“पूर आला का पानी किती दिवस रायते तिथं?”

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शेतांत फिरलो. जातींची नावं, दाण्याची लांबी, फुलोऱ्याचे दिवस, सगळं मला पाठ होतं. माझ्या स्वतःच्या बांधीत पाणी किती दिवस राहतं, हे मला माहीत नव्हतं.

“मालूम नाई,” मी म्हणालो.

गिरजाबाईंनी मूठ परत ढोलीत सोडली.

“पाहून या,” त्या म्हणाल्या, “मंग देते,” आणि माझ्या मागच्या माणसाला त्यांनी पुढे बोलावलं.